साडूची टाकी

त्याला सगळे टाकीवाला म्हणत. गाडीची टाकी गळो, गंजो की चेपो, चार गॅरेजवाले हात वर करत आणि पाचवा सांगे, "टाकीवाल्याकडे न्या." बसस्टँडमागच्या दहा बाय बाराच्या दुकानात तो तेवीस वर्षं हेच काम करत होता. हात सोन्याचे, पण मनाला एक खोड होती. दुसऱ्याचं बरं झालेलं त्याच्या पोटात मावत नसे. त्यातही थोरल्या साडूचं तर मुळीच नाही.

साडू बँकेत साहेब. शर्टाला कधी सुरकुती नाही, पान्हा धरला तर चमच्यासारखा धरायचा. आणि सासऱ्यांची मोटरसायकल गेली ती नेमकी त्याच्याकडे.

सासरे टेलिफोन खात्यात तारा तपासायचे. त्या मोटरसायकलवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. टाकीवाला लग्नाआधी पहिल्यांदा सासरी गेला तेव्हा मुलीपेक्षा जास्त वेळ त्याने दारातली गाडी बघितली होती. बायको अजून ते ऐकवायची. पुढे सासऱ्यांचा गुडघा गेला आणि एका दुपारी कळलं, गाडी थोरल्या जावयाला दिली.

"अहो, दिली तर दिली," बायको म्हणाली. "ताईकडे काय, आपल्याकडे काय."

"मी कुठे काय म्हणतोय?" तो म्हणाला, आणि दोन दिवस जेवताना बोलला नाही.

दीड वर्षाने साडू गाडी ढकलत दुकानात आला. घामाघूम झाला होता. "चालू होते आणि शंभर पावलांवर बंद पडते. तूच बघ बाबा."

टाकीवाल्याने झाकण उघडून वास घेतला. पेट्रोल नासलं होतं. गाडी महिनोन् महिने उभीच असणार. सीट काढली, नळी सोडवली, टाकी उचलून पेट्रोल ओतलं तर सोबत चहाच्या चोथ्यासारखा गंज आला. तळाच्या सांध्याला सुईच्या टोकाएवढी तीन भोकं होती. त्याच्यासाठी हे चार दिवसांचं काम. पण त्याने साडूच्या पांढऱ्या कॉलरकडे पाहिलं आणि जीभ आपोआप वळली.

"गेली ही. तळाची चाळणी झालीय. नवीन बसवा."

"दुरुस्त नाही होणार? तू करूनसुद्धा?"

"नाही."

साडूने मान डोलावली. आठवड्यात नवी टाकी आली, टाकीवाल्याने ती बसवून दिली. जुनीचं काय करायचं, साडूने विचारलं. "भंगारात टाकतो," तो म्हणाला.

टाकली नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो ती काढून बसायचा. आधी साबणाच्या पाण्याने पाच वेळा धुतली, पेट्रोलचा वास पार जाईपर्यंत वाऱ्यावर ठेवली. आत मूठभर खडे नि जुने नट घालून, मांडीवर घेऊन, बाळाला खेळवावं तशी हलवली. मग दोन दिवस आत व्हिनेगर भरून ठेवलं, सोड्याच्या पाण्याने खळबळून काढलं. भोकांना ज्योत न दाखवता, तापवलेल्या तांब्याच्या ठोकळ्याने कथील वितळवून डाग दिला. गाडी त्याची, पण टाकी माझी, असं त्याच्या मनात यायचं आणि बरं वाटायचं. घरी गेल्यावर मात्र बायकोच्या नजरेला नजर देववत नसे.

सासरे जवळपास रोज दुकानात यायचे. स्टुलावर बसून पेपर वाचायचे, चहा घ्यायचे. ते आले की टाकी पोत्याखाली जाई. त्या दिवशी ती मागच्या अंगणात उन्हात वाळत होती आणि सासरे हात धुवायला मागे गेले.

बराच वेळ आले नाहीत म्हणून तो उठला. म्हातारा वाकून टाकीच्या डाव्या बाजूचा ओळखीचा जुना पोचा चाचपत होता.

"जावईबापू, ही भंगारात गेली होती ना?"

त्याने फडकं घेऊन बोटं पुसायला सुरुवात केली.

"गाडी हवी होती, तर मागितली का नाहीत? मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, आता मला झेपत नाही. तुम्ही खाली मान घालून जेवत राहिलात. त्यांनी मागितली."

"मला वाटलं, मामा, तुम्हाला कळेल."

"मला तारांमधलं कळायचं," सासरे म्हणाले. "माणसांनी सांगायला हवं." आणि काठी घेऊन चालायला लागले. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी टाकी चादरीत गुंडाळून तो साडूच्या घरी गेला. बसायच्या खोलीत, काचेच्या टेबलावर त्याने ती ठेवली. "ही नीट होणारी होती. मी खोटं बोललो."

साडूने चष्मा काढून पुसला. "का?"

"जळत होतो. तुम्हाला गाडी मिळाली म्हणून."

साडू चिडेल, असं त्याला वाटलं होतं. साडूने आधी आतल्या दाराकडे पाहिलं, मग हळू आवाजात म्हणाला, "मला कुठे चालवता येते ती? मामा तुझ्याकडे रोज येऊन बसतात. माझ्या घरी वर्षातून दोनदा, तेही पाहुण्यासारखे. वाटलं, गाडी इथे असली तर तिला बघायला तरी येतील. नाही आले. मग मलाही तिच्याकडे बघवेना."

ज्याला आपण गेली कित्येक वर्षं मनातल्या मनात शिव्या घालतोय, तो आपल्या स्टुलावर डोळा ठेवून बसला होता!

"पान्हा आहे का घरात?" टाकीवाल्याने विचारलं.

"बघावं लागेल."

पान्हा शेजाऱ्याकडून आला. दोघांनी अंगणात नवी टाकी उतरवून जुनी चढवली. साडूने एक बोल्ट उलटा फिरवला आणि बाहीला काळं लावून घेतलं. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. टाकीवाल्याने स्वतः जाऊन सासऱ्यांना आणलं.

तेव्हापासून सासरे रविवारी थोरल्या जावयाकडे जातात. अंगणात खुर्ची टाकून गाडी कशी पुसायची ते शिकवतात. पुढेपुढे बुधवारीही जाऊ लागले. त्या दिवशी दुकानातलं स्टूल रिकामं असतं आणि टाकीवाल्याच्या पोटात पुन्हा दुखतं.

"मग तुम्हीही जा की तिकडे," बायको सांगते.

"काम कोण करणार?" तो म्हणतो. पण परवाच्या बुधवारी त्याने अर्ध्या दुपारीच शटर ओढलं.