हाळीच्या अंतरावर

टॉर्चमधले गळलेले सेल काढताना तो आंबूस वास आला की मला पोशीरच्या घरापुढचं आमचं खळं आठवतं. आखातातून आलेल्या मामाने तिथे तसाच वास येणाऱ्या वॉकीटॉकीच्या दोन जोड्या मांडल्या होत्या आणि काळा चष्मा न काढता तो त्यांची थोरवी सांगत होता. त्यातली एक आम्ही काकांसाठी निवडायची होती. काका डोंगराकडच्या नाचणीत दिवसभर एकटेच माकडं हाकायचे, आणि दम्यामुळे आताशा त्यांची हाळी घरापर्यंत पोचत नव्हती. थोरला भाऊ एक यंत्र घेऊन वर गेला, बांधावर उभा राहिला आणि जन्माच्या सवयीने ओरडला, "आयकू येतंय काय रं?" "सपष्ट येतंय," मी खळ्यातून जाहीर केलं. दुसऱ्या जोडीचंही तसंच झालं, म्हणून आम्ही त्यातल्या त्यात चकचकीत जोडी ठेवून घेतली. "आता वरडायला नको, दाजी. निस्तं कुजबुजा," मामा काकांना म्हणाला. "कुजबुजायचं वय सरलं रं माजं," ओट्यावरून काका हसले. कणसं भरली तेव्हा एका दुपारी ते जेवायला उतरले नाहीत. वर गेलो, तर राखणीच्या माचाखाली बसल्या जागीच ते गेले होते आणि बोट बटणावर तसंच होतं. घरातलं यंत्र सकाळपासून माझ्या शेजारी चालू होतं, त्यातून अवाक्षर आलं नव्हतं. भावाचा आवाज मला यंत्रातून नव्हे, नुसत्या वाऱ्यावरून आला होता, हे आता कळतं. निवड चालली असताना काका चार हातांवर बसले होते; त्यांनाच एकदा बोलून बघू द्यावं, हे मात्र आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.