आतोबांचं हेल्मेट

माझ्या आतोबांइतका भित्रा माणूस अख्ख्या रायगडच्या किनाऱ्यावर शोधून सापडायचा नाही. दिवेआगरला त्यांची नारळी-सुपारीची वाडी. पण वादळात निम्मी झाडं आडवी झाल्यापासून ते स्वतःच्याच वाडीत स्कूटरचं हेल्मेट घालून फिरायचे. कुकर चढला की शिट्ट्या संपेपर्यंत विहिरीपाशी जाऊन उभे. आत्या आतून ओरडायची, “या हो आता, मी जित्ती हाय अजून!” आयुष्यभर त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं, आणि भीतीचं मूळ तिथेच होतं. अणू शिकवताना टेबलावर पिकल्या सुपाऱ्या म्हणजे प्रोटॉन, हिरव्या म्हणजे न्यूट्रॉन, आणि मोहरीचे दाणे इलेक्ट्रॉन. “सुपारी इथं ठेवली तर मोहरी कोसभर लांब,” ते सांगायचे, आणि मग चेहरा उतरायचा. घाबरले की त्यांची पुस्तकी भाषा सुटायची. “मधे काय न्हाय रे पोरांनो! या खुर्चीतपण सगळी पोकळीच हाय!” त्यानंतर खुर्ची हाताने दोनदा दाबून पाहिल्याशिवाय ते कधी बसले नाहीत. मी त्यांच्याच वर्गात होतो. एकदा विचारलं, “मग इलेक्ट्रॉन पळून का जात नाही?” म्हणाले, “माझ्यासारखाच तो. लांब लांब राहतो, पण मधल्याची ओढ सुटत न्हाय.”

दोन वर्षांपूर्वी आत्याच्या हातून भांडी पडू लागली. डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय सांगितला, म्हणून मी दोघांना अलिबागला घेऊन गेलो. गाडीत आतोबांचा धडा सुरूच. “अंगातल्या पाण्यात प्रोटॉन असतात. लोहचुंबक त्यांना रांगेत उभं करतो, मग रेडिओलहरी धक्का देतात. त्यातला एखादा परत जागेवर आलाच नाही तर?” आत्या म्हणाली, “माझे प्रोटॉन माझ्यासारखेच, कुठं जात न्हाईत.” तिने हसून सांगितलं, पण हात पदरात लपवून धरला होता. तिथल्या यंत्र चालवणाऱ्या मुलीने सांगितलं, एकाला आत बसता येईल, अंगावर धातू नको. मी उठेपर्यंत आतोबांनी घड्याळ, चष्मा, वाडीची चावी आणि पट्टा माझ्या मांडीवर टाकला होता, आणि एका हाताने पँट सावरत ते आत शिरलेसुद्धा. काचेतून मला दिसत होतं. यंत्राचा तो भयंकर खडखडाट चालला होता आणि हा माणूस डोळे घट्ट मिटून आत्याच्या पायाचा अंगठा धरून बसला होता. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न त्या मुलीला, “आले ना सगळे जागेवर?” “आले हो काका,” ती म्हणाली.

प्रोटॉन आले. रिपोर्ट मात्र वाईट आला, आणि सहा महिन्यांत आत्या गेली.

परवा दिवेआगरला गेलो. वारा सुटला होता, माडांच्या झावळ्या सळसळत होत्या, आणि आतोबा बोडक्या डोक्याने माडाखाली सुपाऱ्या वेचत होते. आत कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता आणि त्यांनी मान वळवली नाही. आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नव्हतो. खुंटीवरचं हेल्मेट काढून धावत गेलो.

“आतोबा, हे घाला.”

“कशाला? मला आता कशाची भीती न्हाय वाटत.”

“मला वाटते.”

मग त्यांनी हेल्मेट घातलं, हनुवटीखालचा पट्टा लावला आणि माझ्यामागून अंगणात आले. मी खुर्ची पुढे केली. त्यांनी ती हाताने दोनदा दाबून पाहिली, आणि मग बसले.