डबा ठेवला की जागा आपली

शहरातून बोट नेताना रात्री ती कुठं बांधायची, याची म्हणे पुस्तकं मिळतात. मिळत असतील. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि आमच्या बोटीवर पुस्तकाची गरज नव्हती. बायको होती.

मी रत्नागिरीकडचा. तरुणपणी जहाजावर खलाशी होतो, मग जहाज सोडून इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाऊला फॅक्टरीत लागलो. नव्वदच्या आसपास फॅक्टरी बंद पडली, तेव्हा मिळालेल्या पैशांतून कॅनॉलवरची एक जुनी अरुंद बोट घेतली. लोक हसले. गणपतीत एक डॉक्टरसाहेब म्हणाले, "काका, या वयात काशीला जायचं सोडून कॅनॉलवर कुठं?" बायको म्हणाली, "तिथं पण पाणीच आहे ना, डॉक्टर."

तिला पोहता येत नव्हतं. कॅनॉल कमरेएवढा, तरी पहिल्या वर्षी आतच बसून राहायची. पण मुक्कामाची जागा तीच ठरवायची. मी बघायचो दोर कशाला बांधता येईल, तळाला गाळ किती. ती पाण्याकडं बघायचीच नाही. समोरच्या घरांत स्वयंपाकघरातला दिवा दिसतो का, गळ टाकून कुणी म्हातारा बसलाय का, ते बघायची. पुलाखाली नको, वरून पोरं दगड टाकतात. पबसमोर नको, प्यालेले दोर सोडून देतात आणि सकाळी आपण भलतीकडं. "अहो, जिथं बाई एकटी कुत्रं फिरवते तिथं झोपायला हरकत नाही." मला पाणी कळायचं, तिला काठ.

एकदा मी तिचं ऐकलं नाही. एका लॉकच्या, म्हणजे बोटी चढवायच्या-उतरवायच्या पाण्याच्या दरवाजांच्या, तोंडाशी बांधायला छान लोखंडी खुंट होते, ओळीनं, जणू आपल्यासाठीच लावलेले. बांधली बोट, टाकला चहा. तेवढ्यात मागून एक बोटवाला ओरडला, "लॉक उघडायची वाट बघताय की ख्रिसमसची?" ती जागा नुसती थांबायची होती, मुक्कामाची नव्हे. बायको रात्रीपर्यंत हसत होती. "आणि म्हणे जहाजावर होते!"

जागा ठरली की तिचं दुसरं काम सुरू व्हायचं. शेजारच्या बोटीवर डबा न्यायचा. पोहे, वाटाण्याची उसळ, कधी शिरा. "आपलं मीठ खाल्लेला माणूस आपल्या दोरावर नजर ठेवतो," म्हणायची. हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला होती, त्यामुळं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. बोलायला लाजायची नाही.

लंडनच्या मधोमध, गॅसच्या मोठ्या गोल टाक्यांपाशी, तिला एक जागा सापडली. तिथं हिरव्या बोटीवर एक गोरी म्हातारी राहायची, ती आणि तिचा लंगडा कुत्रा. बायकोनं उसळीचा डबा नेला. दुसऱ्या दिवशी म्हातारीनं तो घासून, पुसून, रिकामा आणून दिला. बायको तोंडावर म्हणाली, "आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत."

म्हातारी म्हणाली, "आणि तुमच्यात थँक्यू म्हणत नाहीत का?"

मला वाटलं, झालं, आता दोर सोडा. पण दोघी खिदळायला लागल्या. म्हातारी डबा परत घेऊन गेली आणि त्यात दोन अंडी ठेवून आली. पुढं दरवर्षी आमचा मुक्काम तिथंच.

शेवटच्या खेपेला आम्ही सकाळी लवकर निघालो. डबा म्हातारीकडंच राहिला. मी कुरकुरलो, "स्टीलचा चांगला डबा गेला."

"गेला कुठं? मुद्दाम ठेवलाय. डबा ठेवला की जागा आपली. आणायला यावं लागतंच."

त्याच हिवाळ्यात ती वारली. छातीत दुखलं, ॲम्ब्युलन्स आली, संपलं. याच्यापुढं मला लिहिता येत नाही.

मुलगी बेसिंगस्टोकला ऑफिसात असते, इकडंच वाढलेली, मराठी मोडकंतोडकं. म्हणाली, "बाबा, बोट सेल करा. तुम्ही एकटे पाण्यावर असलं की माझा झोप होत नाही." मी हो म्हणालो. तिच्या झोपेसाठी नाही. बोटीत दोन मग टांगलेले होते, ते बघवत नव्हते. शहराच्या पूर्वेला एका यार्डात गिऱ्हाईक मिळालं. बोट तिथवर पोचवायची, मधे शहरात एक रात्र काढायची. एकच रात्र. आणि मला तीच जमेना.

एका ठिकाणी बांधली. कडी पक्की, पाणी भरपूर. बसलो आणि उठलो, दोर सोडला. पुढं बांधली, परत सोडली. जागांत खोट नव्हती. "इथं बरं आहे का गं?" असं विचारायला कोणी नव्हतं. गॅसच्या टाक्यांपाशी थांबायचं नाही असं ठरवून निघालो होतो, मान खाली घालून जायचं. पण अंधारायला लागलं, हात गारठले, आणि बोट तिथंच लागली.

म्हातारी बाहेर आली. "यंदा उशीर केलात. तिला बोलव, डबा कधीचा घासून ठेवलाय."

तोवर इंग्रजीतून ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळं मुलीनं बघितलं होतं. "शी इज डेड," म्हणालो. दुसरं येत नाही.

सॉरी म्हणाली असती तर मी तसाच निघालो असतो. कुत्रा आमच्या दाराशी येऊन बसला, बायको त्याला पोळी द्यायची. म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली, मग पुटपुटली, "आता रिकामा कसा देऊ?" आत गेली. बऱ्याच वेळानं डबा घेऊन आली. उकडलेले बटाटे, गाजर, वर लोण्याचा गोळा. मीठ नाही, मिरची नाही, आजाऱ्याला देतात तसलं.

"रडायचं तर रड, पण गरम आहे तोवर खा. दोर मी बघते."

खाल्लं सगळं. आणि झोपलो, मेल्यासारखा.

सकाळी जन्मात पहिल्यांदा पोहे केले. मीठ जास्त पडलं. तिच्याच डब्यात भरून म्हातारीकडं नेले. तिनं एक घास खाल्ला.

"तिचे चांगले असायचे."

"मला माहीत नाही होय?"

"थांब, डबा रिकामा करून देते."

"राहू दे तुझ्याकडं," मी म्हणालो.

पुढं कॅनॉल रुंद होतो तिथं बोट वळवली आणि रस्त्यावरच्या फोनवरून मुलीला सांगितलं, विकत नाही.

"व्हाय, बाबा?"

"डबा राहिलाय तिकडं."

"कुठला डबा?"

"आईचा."

ती म्हणाली, "आणायला जाल तेव्हा मला सांगा."