स्टार्टरवरचा रुमाल

पुना आबाने चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या विहिरींत बुड्या मारल्या. कुणाची मोटर गाळात रुतली, कुणाचा पाइप निखळून तळाला गेला, की धरणगावपासून तापीकाठापर्यंतची माणसं त्याला बोलावून न्यायची. तो यायचा, सदरा काढायचा आणि पाण्याकडे न बघता आधी स्टार्टरच्या पेटीकडे जायचा. बटण बंद करायचा. लाइट आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू करणारी ऑटोची कळही खाली ओढायचा. मग आपला लाल रुमाल पेटीला बांधायचा. रुमाल आहे तोवर पेटीला कुणी हात लावायचा नाही. त्याची एवढी एकच अट होती, आणि ती कुणी कधी मोडली नव्हती.

त्याने मोटरी काढल्या, तशी माणसंही काढली. एकंदर सतरा. त्यांत अकरा बायका. कुणी पाय घसरून गेलेली, कुणाचं काय झालं होतं ते गाव बोलत नाही. सत्तरीला आला तेव्हा गुडघे गेले. घरी बसला. पण अकरा हा आकडा त्याच्या डोक्यातून गेला नाही. अकराजणींपैकी एकीला जरी हातपाय मारता आले असते, तरी तिच्यासाठी आपल्याला खाली उतरावं लागलं नसतं, हा त्याचा हिशोब होता.

त्या उन्हाळ्यात मृणाली त्याच्या ओट्यावर आली. बेटावरच्या वस्तीतली मुलगी. खाली बंधारा झाल्यापासून पावसाळा ते होळी तापीचं पाणी फुगतं आणि ती तीस घरांची वस्ती चारी बाजूंनी पाण्यात राहते. जाणं-येणं डोंग्यातून. होळीनंतर पाणी उतरतं, मागे हिरवी डबकी उरतात. मृणाली आठवीत असताना एका सकाळी त्या डबक्यांवर मासे पांढरे होऊन पडले. हजारोंनी. ते का मेले, हे सांगणारं माणूस वस्तीत नव्हतं, गावात नव्हतं, शाळेतही नव्हतं. तेव्हापासून ती पाण्याच्या मागे लागली. जळगावला बीएस्सी झाली आणि आता किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात समुद्रशास्त्राला तिचा नंबर लागला होता.

"आबा, एक अडचण शे," ती म्हणाली. "बोटीवरून काम असतं. तिथे गेल्यावर आधी पोहायची परीक्षा. दोनशे मीटर पोहायचं, आणि दहा मिनिटं काही न धरता पाण्यात राहायचं. नाही जमलं तर प्रवेश रद्द."

"मग?"

तिने पिशवीतून कागद काढला. ग्रामपंचायतीचा दाखला होता, शिक्क्यासह. सदर मुलगी बेटावरची रहिवासी असून तिला पोहता येते.

"सरपंच म्हणे, बेटवरनी पोर शे, तिले पव्हता येसच."

"आनि येस का?"

"नाही. वस्तीत कुणालाच येत नाही. आम्ही डोंग्यात बसतो नि देवाचं नाव घेतो."

आबाने कागद तिच्या हातात परत दिला. "हाऊ कागद पानीमा तरंगी. तू नही तरंगनार. किती दिन शेत?"

"चाळीस."

"उद्या सात वाजता जीवराम नानानी विहीरवर ये. सव्वासातला आलीस तर माघारी जा."

जीवराम नानाची विहीर वस्तीच्या समोर, काठावर. पंचवीस फूट रुंद, आतून पायऱ्या, मे महिन्यातही दोन परस पाणी. परस म्हणजे हात वर करून उभ्या माणसाएवढी खोली. पुना आबाने नानासाठी तिच्यात सात वेळा बुडी मारली होती. त्याने विचारलं तेव्हा नाना "घे ना" म्हणाला. त्याने नाही म्हणायला हवं होतं, हे त्याला पुढे गावाने ऐकवलं.

पहिल्या दिवशी मृणालीची आई, कुंदाबाई, लेकीबरोबर आली आणि विहिरीपासून दहा पावलांवर निंबाखाली पाठ करून बसली. तिने विहिरीत डोकावलं नाही. आबाने पेटीला रुमाल बांधला, तेलाचा रिकामा कॅन मुलीच्या पाठीला बांधला आणि स्वतः गुडघे धरत पाण्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसला.

"भिंत धरायची नही. पाइप धरायचा नही. मोटरनी वायर तं दखायचीबी नही, तिले तीन जागे जोड शेत. मार पाय."

तिसऱ्या दिवशी त्याने कॅन सोडला. ती दोनदा बुडाली, दोनदा नाकातोंडात पाणी गेलं. वर येऊन पायरीकडे हात केला तर त्याने काठीने हात मागे ढकलला.

"आबा, मरीन मी!"

"मरनारं माणूस इतलं वरडत नही. परत."

सगळं शिकवणं त्या एका शब्दात होतं. परत. विहिरीच्या कडेने गोल दहा फेऱ्या झाल्या की दोनशे मीटर व्हायचे, त्याने वीस ठरवल्या. दहा मिनिटं हवी होती, त्याने पंधरा मागितली. शाबास हा शब्द त्याच्याकडे नव्हता. पोटऱ्यांत गोळे येऊन ती रडली तर तो तिला रडू द्यायचा आणि मग किती फेऱ्या राहिल्या ते सांगायचा.

आठवड्याभरात काठावर माणसं जमू लागली.

"आबा, म्हातारपनमा शाळा काढी का?"

"काढी. तुले बसनं शे का? पह्यला वर्ग रिकामा शे."

हसणारे हसून गेले. नंतर आले ते हसत नव्हते. बेटावरच्या बौद्ध वस्तीतली पोर नाना पाटलाच्या विहिरीत उतरते, असं तोंडावर कुणी बोललं नाही. आता तसं बोलत नाहीत. विहीर पिण्याची आहे, म्हणतात. त्या विहिरीचं पाणी दहा वर्षांत कुणी प्यायलं नव्हतं. प्यायला नळ होता. पोरीची जात पाण्यात बरी दिसत नाही, असंही कुणी म्हणालं. जीवराम नाना आबाकडे आला आणि खाली बघत बोलला, "बठ्ठा गाव दखी राहिना, पुना."

"दखू दे. फुकट शे."

"माले कायबी नही. पण लोके..."

"नाना, तुनी मोटर सात डाव काढी. त्या सात डाव लोके कोठे व्हतात?"

नाना गेला. त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

बत्तिसाव्या दिवशी ते झालं. सकाळचे आठ. मृणाली मध्यभागी पाण्यात उभी होती, हात न लावता, सातवं मिनिट. आबा खालच्या पायरीवर घड्याळ बघत होता. पाठ टेकलेला पाइप एकदम थरथरला. खाली घरघर झाली. मोटर सुरू झाली होती.

"पाइपपासून दूर! भिंतकडे! हात लावू नको कशालेच!"

तिने ऐकलं. उलटी फिरून पाय मारले आणि पायरीपाशी आली. आबाने दंड धरून तिला वर ओढलं. ज्या गुडघ्यांनी तो नीट चालू शकत नव्हता, त्यांवर तो अठरा पायऱ्या चढला.

पेटीपाशी नानाचा मुलगा योगेंद्र उभा होता. लाल रुमाल मातीत पडला होता.

"लाइट आली, आबा. कपाशी वाळते आहे. आणि रोज गावाचं ऐकायचं आम्ही."

"खाले माणूस शे, तुले माहीत व्हतं?"

योगेंद्रने विहिरीकडे बघितलं. त्याला माहीत होतं. आबाने हात लांब करून मोटर बंद केली, कळ ओढली, रुमाल उचलून झटकला. पेटीला बांधायला घेतला, गाठ बसेना.

मृणाली काठावर बसून दात वाजवत होती. "बस झालं, आबा. नको मला. मी नाही जात कुठे."

"किती मिनिटं व्हयनी?"

"आबा!"

"सात. पंधरा पाहिजेत. आज भायेर राह्यनीस तं जनमभर भायेर राहशी. मंग मासा का मरतस ते कोन सांगी, हाऊ योगेंद्र?"

"मोटर पुन्हा लावली तर?"

रुमालाचं काय झालं ते समोर दिसत होतं. तो पायरीवर बसला तर पेटीपाशी कुणी नाही, पेटीपाशी थांबला तर खाली कुणी नाही.

तेव्हा निंबाखालची कुंदाबाई उठली. बत्तीस दिवस तिने त्या विहिरीकडे पाठ केली होती. ती चालत पेटीपाशी आली, आबाच्या हातातून रुमाल घेतला, घट्ट दोन गाठी मारल्या आणि पेटीला पाठ लावून उभी राहिली.

"आबा, तुम्ही खाली जा," ती म्हणाली. मग योगेंद्रकडे बघितलं. "दादा, आमच्या हातानं पाणी बाटतं हे मी लहानपणी ऐकलं. आता कपाशी वाळते हे ऐकते. ज्याला मोटर लावायची त्याने आधी मला बाजूला करावं. हात लावून."

योगेंद्र जागचा हलला नाही. बांधावर पाच-सहा माणसं होती, तीही हलली नाहीत. जीवराम नाना घराकडून धावत आला. पेटी बघितली, बाई बघितली, ओली मुलगी बघितली. मुलाला म्हणाला, "घर चाल." एवढंच. पण तो मुलाला घेऊन गेला.

कुंदाबाईने मान वळवून लेकीला हाक मारली. "मृणाली, उतर."

ती उतरली. आबा परत त्या अठरा पायऱ्या उतरला, एकेक, बसत-बसत. तिने पहिल्यापासून पंधरा मिनिटं केली. सात धरू का, असं विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला होता. मधली सुटलेली मिनिटं पाणी धरत नाही.

उरलेले आठ दिवस कुंदाबाई पेटीपाशीच उभी राहिली. विहिरीकडे तोंड करून.

जुलैत एका पहाटे मृणालीचा फोन आला. दोनशे मीटर झाले होते. प्रवेश पक्का. शेवटची परीक्षा खुल्या समुद्रात घेतली होती.

"आबा, इथे धरायला काठच नाही!"

"विहीरले व्हता, तो तरी मी कवय धरू दिन्हा?"

ती खूप हसली.

"पानीमा किती राह्यनीस?"

"बारा मिनिटं. त्यांनी दहाच मागितली होती."

"मी पंधरा मांगेल व्हती. तीन कमी पडनी. दिवाळीले येशी तवय पुरी करशी."

फोन ठेवून तो काठी घेऊन निघाला. विहिरीवर वस्तीतल्या दोन मुली पाठीला कॅन बांधून उभ्या होत्या, सात वाजायच्या आत. कुंदाबाईने पेटीला रुमाल बांधून ठेवला होता. आबाने गाठ ओढून बघितली आणि पायऱ्या उतरू लागला.