न दिलेली शाब्बासकी

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या त्या हिवाळ्यात आमची सात वर्षांची सई शाळेत जाईना. "मोजे घाल" म्हटलं की टेबलाखाली शिरून थरथरायची. नवऱ्याच्या सुट्ट्या संपल्या होत्या आणि मी नोकरी सोडायच्या बेतात होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. सांगितलेलं करत इथवर आले, याचा मला अभिमान आहे. पण सईच्या ऑटिझममध्ये कुणी काही सांगणंच तिला सोसत नव्हतं.

एकदा सईला रोजची कामं शिकवायला येणाऱ्या नेहमीच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या बदली एक उंच, पिकल्या केसांची अमेरिकन बाई घरी आली. सईकडे पाठ करून जमिनीवर बसली आणि स्वतःचा मोजा कोपरावर ओढत इंग्रजीत पुटपुटली, "हा काही बसत नाही बुवा."

टेबलाखालून आवाज आला, "नो! दॅट्स युअर एल्बो!"

"हो का? मग माझा पाय कुठे गेला?"

सई खिदळत बाहेर आली आणि तिने आपल्या पायात मोजा चढवून दाखवला. "लाइक धिस!"

मी शाब्बास म्हणणार, तेवढ्यात बाईने ओठांवर बोट ठेवलं. निघताना दारात हळूच म्हणाली, "कौतुक केलं की तिला वाटतं, आता हे रोज करावंच लागणार."

वडिलांच्या एका शाब्बासकीवर मी वर्षभर अभ्यास करायचे. लेकीला त्याच शाब्बासकीचं ओझं होत असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

ती बाई पुन्हा भेटली नाही. मी शाब्बास गिळायला शिकले, कोपरावर मोजे चढवायलाही. बर्फ वितळेपर्यंत सई आपले मोजे आपण घालून शाळेत जाऊ लागली होती.