मायचं हिरवं लुगडं

ऐंशी-एक्याऐंशी साल असेल. मोहाडीजवळच्या आमच्या गावात एक दिवस जीप आली आणि तलावाच्या पाळीवरची आमची माय उचलून घेऊन गेली.

माय म्हणजे देवी. शेंदराचे एवढे थर, की नाक नाही, डोळे नाही... नुसता लाल गोळा. पण गावातल्या बायांचं सगळं तिच्यापाशीच. धानाच्या रोवणीआधी नारळ तिला, लेकरू आजारी पडलं की नवस तिला.

भंडाऱ्याला तेव्हा जुन्या वस्तूंचं म्युझियम नवीन निघालं होतं. सरपंचाने सही ठोकली, हार घालून घेतला. बायांना कोणी विचारलं नाही. कोण विचारतं...

धाकटा भाऊ नुकताच टायफॉईडमधून उठला होता आणि आईने मायला लुगडं बोललं होतं. शेजारणी म्हणाल्या, दुसरा दगड मांडू, त्याला नेसव. आई म्हणाली, जिला बोलली तिलाच देईन. हिरवं लुगडं, नारळ, हळदकुंकू आणि मी... बसलो एसटीत.

म्युझियममध्ये आई एकेका दगडापुढे थांबे आणि पुढे जाई. शेवटी मीच तिथल्या साहेबाला विचारलं, आमच्या गावची माय कुठं ठेवली? त्याने बोट दाखवलं. सगळा शेंदूर खरवडून काढलेला. आतून ढाल-तलवारवाला गडी निघाला होता.

तरी आईने लुगडं उलगडलं. साहेब हसला.

"बाई, लढाईत मेलेला शिपाई आहे हा. मिशा नाही दिसत का? याला लुगडं नेसवता काय?"

बाजूचे चार लोकही हसले. आईने दगडाकडे नीट पाहिलं, लुगड्याची घडी परत घातली.

"हे आपली माय नोहे," एवढंच मला म्हणाली.

लोक म्हणतात, इतिहास सापडला. सापडला असेल. तुमच्या शिपायाशी माझं भांडण नाही.

ते लुगडं आईने नेसलं नाही, कोणाला दिलं नाही. पुढच्या वर्षी बाबांना कावीळ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टरने मान हलवली तेव्हा मी म्हटलं, आई, नवस तरी बोल.

"कोणाले बोलू, पोरी?"

बाबा त्यातच गेले. नवसाने वाचले असते असं मी म्हणत नाही, चारच बुकं शिकले असले तरी एवढी अडाणी नाही मी. पण त्या दिवसांत माझ्या आईला हात जोडायला जागा नव्हती... आणि ती कोणी उचलून नेली, ते मला माहीत आहे.