टिनाच्या भिंतीला कान

फुकट मिळालेल्या वस्तूवर माझा कधीच विश्वास नव्हता. म्हणून आमची लुगडी विकत घेणाऱ्या महाल पेठेतल्या शेठजींनी कार्निव्हलचे चार पास पाठवले, तेव्हा मी आधी ते उलटे करून पाहिले. माहेरी, खाप्याच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकले होते, त्यामुळे वाचता येत होतं. मागे काहीच लिहिलेलं नव्हतं. माझा संशय आणखी वाढला.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची असेन. सासर नागपुरात, कोष्ट्यांच्या वस्तीत. घरात दोन माग, आणि माणसं चार: सासू, नवरा, लग्नाची नणंद आणि मी. पास चार आणि माणसंही चार, म्हणजे कोणाला टाळायची सोयच नव्हती.

कार्निव्हल कलकत्त्याहून आला होता. तलावाजवळच्या मैदानात त्याने पाळणे, जादू, नेमबाजी असं सगळं मांडलं होतं. पण गावभर चर्चा होती ती पहाडी रेलीची. टिनाचं एक लांबलचक उंच छप्पर, चारी बाजूंनी टिनाच्याच भिंती. आत रुळांवरून छोट्या डब्यांची गाडी उंच चढायची आणि एकदम खाली सुटायची. आत अंधार. बाहेरून काहीच दिसू नये म्हणून फटींवर काळं कापड ठोकलं होतं. ऐकू यायच्या फक्त किंकाळ्या. जी गोष्ट चार भिंतींत लपवून दाखवतात तिच्यात काही ना काही काळंबेरं असतंच, असं माझं मत.

नवरा पास हातात नाचवत म्हणाला, "यंदा तुही भीती काढतोच मी. दोघं संगच बसू."

"मले नाही बसायचं."

"काहून?"

या "काहून"ला माझ्याकडे उत्तर होतं, पण सांगता येत नव्हतं. मला दिवस गेले होते, दीड महिना होऊन वर काही दिवस झाले होते.

याआधी दोनदा असंच झालं होतं. दोन्ही वेळा मी विश्वासाने सासूला सांगितलं, आणि दोन्ही वेळा सासूने आनंदाच्या भरात गल्लीभर पेढे वाटले. दोन्ही वेळा तिसरा महिना भरायच्या आत सगळं संपलं. पेढे खाल्लेल्या बायकाच मग दारात उभ्या राहून हळहळायच्या, आणि जाता जाता सासूच्या कानात कुजबुजायच्या. एकीचं कुजबुजणं माझ्यापर्यंत आलं होतं: "एकच पोरगा आहे तुमचा. दुसरी पाहा." तेव्हापासून मी ठरवलं होतं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तिसऱ्यांदा तिसरा महिना उलटेपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही, नवऱ्यालाही नाही. हेही गेलं तर या घरात माझी जागा राहणार नाही, याची मला खात्री होती.

पण आमच्या घरात ही गोष्ट लपवणं सोपं नव्हतं. महिन्याचे चार दिवस बाई बाजूला बसायची. त्या दिवसांत सुताला, मागाला, चुलीला हात लावायचा नाही. सून बाजूला बसली नाही की सासू बोटं मोजायला लागणार. म्हणून मी सोंग केलं. वेळ आली तशी पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाचा बोरा टाकून चार दिवस बसले, चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं, आणि पुन्हा मागासाठी सुताच्या कांड्या भरायला लागले. कोणाला काही कळलं नाही, म्हणून स्वतःवरच खूश झाले.

त्यानंतर आठवड्याभराने सासू कुही गावाला गेली. "तांदूळ आणतो," म्हणाली. कुहीचा तांदूळ चांगला असतो हे खरं. पण आमच्या घरी ज्वारीची भाकरी खाणारी माणसं, आणि सणही जवळ नव्हता. दोन दिवसांनी ती परतली ती पायलीभर तांदूळ घेऊन. पायलीभर तांदळासाठी कोणी दोन दिवस घालवतं का? कुहीकडे नात्यातली लग्नाची मुलगी कोणाकडे आहे, याचा मी मनातल्या मनात शोध घेत राहिले. तेव्हापासून सासूने माझ्याकडे पाहिलं की मी मान खाली घालायची. चोराच्या मनात चांदणं.

आता पहाडी रेल. बसायचं नाही म्हटलं की "काहून" येणार, आणि त्या "काहून"चा धागा ओढला की सगळं उसवणार. बसले तर काय होईल ते माहीत नव्हतं. म्हणून मी ठरवलं, आधी गाडी पारखायची. सौम्य असली तर देवाचं नाव घेऊन बसायचं.

नणंदेला सोबत घेऊन मी दोन दिवस दुपारी मैदानात गेले. पहिल्या दिवशी आत जाणारी आणि बाहेर येणारी माणसं मोजली. आठ गेली, आठच बाहेर आली. बाहेर येणारे हसत होते, पण त्यातल्या एका फेटेवाल्याला मी तीनदा हसत बाहेर येताना पाहिलं. हा कार्निव्हलवाल्यांनीच हसायला ठेवलेला माणूस, हे मी तिथल्या तिथे ओळखलं. नणंद म्हणाली, "वैनी, त्याले आवडली असन गाडी." ती भोळी होती.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या बाजूला गेले आणि टिनाच्या भिंतीला कान लावून बसले. विणकराच्या घरातल्या बाईला डोळ्यांनी पाहायची फार गरज नसते. स्वयंपाकघरात बसून मागाच्या खटक्यावरून सांगता येतं, की धागा तुटलाय, धोटा अडकलाय, की नवऱ्याचं लक्ष नाही. तशीच मी ती गाडी ऐकली. आधी साखळीचा कट-कट-कट आवाज, म्हणजे चढण. मग सगळं चिडीचूप, गाडी माथ्यावर. मग घरंगळत खाली. एक वळण, दुसरी चढण, दुसरा उतार. आणि तिसऱ्या उताराच्या शेवटी धाडकन एक धक्का, असा की माझ्या कानाखालचं टिन हादरलं. सात फेऱ्या ऐकल्या. सातही वेळा तो धक्का तिथेच बसला. त्या जागी रूळ नीट जुळलेला नव्हता. निर्णय झाला: ही गाडी माझ्यासाठी नव्हे. पण कारण काय सांगायचं, याचा निर्णय काही होईना.

जायचा दिवस उजाडला. सासू सगळ्यात आधी तयार. आठ दिवस तिचं एकच चाललं होतं, "मले तं बसाचंच आहे गा. मेल्यावर कोण रेलीत बसवते?" ठेवणीतलं नवं लुगडं तिने नेसलं होतं, हिरवं, तिच्याच हातचं. मी मुकाट्याने मागून चालले. वाटेत पाय मुरगळल्याचं सोंग करावं असं तीनदा मनात आलं, पण तीनही वेळा हिंमत झाली नाही.

दारापाशी पोचलो. नवऱ्याने चारही पास दारवानाच्या हातात दिले. माझा पाय लाकडी पायरीवर पडला. आता बोलावं, सगळं सांगून टाकावं, असं वाटत होतं, आणि मी दुसरा पाय उचलला.

तेवढ्यात मागून सासूचा आवाज आला. "अरे बापा, मले गरगरून राहिलं."

वळून पाहिलं तर ती कपाळाला हात लावून भिंतीकडे सरकत होती. नवरा धावला. तिने त्याला हाताने अडवलं. "काही होत नाही मले. तुम्ही बहीणभाऊ जा, पास वाया नोका घालू. सून थांबन माझ्यापाशी."

"मी थांबतो, माय."

"तू काय करतं थांबून? जा म्हणलं ना!"

तो नाइलाजाने आत गेला. नणंद तर आधीच आत पळाली होती. आणि मला, सुटका झालेल्या बाईला, काय वाटावं? राग आला. कारण मी पाहिलं होतं: खाली बसण्याआधी सासूने पदराने जागा झटकली होती. चक्कर आलेलं माणूस कुठे जागा झटकतं? हे सोंग होतं. मला नवऱ्याशेजारी बसू द्यायचं नव्हतं तिला. किंवा मला एकटीला गाठून कुहीच्या मुलीचं सांगायचं होतं.

मी म्हटलंच. "तुम्ही जागा झटकून बसल्या, आत्याबाई. तुम्हाले काही गरगरत नाही."

तिने कपाळावरचा हात काढला. "नवं लुगडं आहे ना वं," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट पाहत म्हणाली, "अन् तू? पहिल्या दिवशी तू दर महिन्याले बोऱ्यावर गडबडा लोळतं. या खेपी दोन भाकरी खाऊन घोरत होती."

मी खाली बसले. सगळं लक्षात ठेवलं होतं, बोरा, चार दिवस, डोक्यावरचं पाणी. कण्हायचं तेवढं राहून गेलं होतं.

"वाटलं, तू सोताच नाही म्हणशील," ती म्हणाली. "तू तं पायरी चढून राहिली."

"अन् कुहीले काहून गेल्या होत्या?"

"तिथं एक म्हातारी सुईण आहे. लय बायांचं तिनं निभावलं. ती म्हणे, तीन महिने धक्का लागू देऊ नोका अन् कोणाले सांगू नोका. तुले कायचं वाटलं?"

"मले वाटलं, पोरगी पाहाले गेल्या."

सासू पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "दोन खेपा पेढे वाटले, ते चुकलं माझं." मला रडू आलं. तिने मला रडू दिलं.

आतून साखळीचा आवाज सुरू झाला. सासूची नजर दाराकडे गेली आणि तिथेच राहिली. तिला किती बसायचं होतं, ते मला त्या क्षणी कळलं.

"या मागं," मी म्हटलं, आणि तिला हाताला धरून छपराच्या मागच्या बाजूला नेलं. "लावा कान इथं."

तिने टिनाला कान लावला. शेजारी मी.

"आता चढून राहिली," मी सांगू लागले. "अजून चढते. आता माथ्यावर. श्वास धरा. सुटली!"

तिने माझं मनगट घट्ट धरलं. डोळे मिटलेले, तोंड लहान पोरीसारखं उघडं. वळण आलं तेव्हा ती माझ्या बाजूला कलली. दुसरा उतार झाला. तिसऱ्याला मी म्हटलं, "आता धक्का येते." तिने मनगट सोडलं आणि चटकन हात माझ्या पोटावर ठेवला. टिन हादरलं.

नणंद ओरडत बाहेर आली तेव्हा आम्ही पुन्हा दारापाशी बसलो होतो. तिला पाहताच सासूने डोकं धरलं आणि मोठ्याने कण्हायला लागली. "पाहून घे," मध्येच माझ्या कानात म्हणाली, "असं करा लागते."

मुलगी झाली. पेढे बाराव्या दिवशी वाटले. पुढे लढाई लागली आणि कार्निव्हल काही पुन्हा आला नाही. सासू मात्र नातीला मांडीवर घेऊन पहाडी रेलीची गोष्ट सांगायची: चढण, माथा, वळण, आणि तिसऱ्या उताराचा तो धक्का. एकदा मुलीने माझ्याकडे वळून विचारलं, "माय, आजी खरंच बसली होती का रेलीत?"

"बसली होती," मी म्हटलं. "मीच होतो बाजूले."